‘थोडीच घेतो’ म्हणजे मेंदूत नेमकं काय होतं

‘थोडी घेतली तर उलट चांगली असते’ हे वाक्य कुठल्याही बैठकीत ऐकायला मिळतं. महाराष्ट्रात तर त्याला कागदाचाही आधार आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला जो परवाना मिळतो, तो नियमांच्या भाषेत प्रकृती राखण्यासाठी दिलेला असतो. अलीकडे या वाक्याला विज्ञानाची जोड मिळाली आहे. माफक दारूने मेंदूतलं बीडीएनएफ वाढतं, बीडीएनएफ म्हणजे मेंदूच्या पेशींना जगवणारं आणि वाढवणारं प्रथिन, म्हणून माफक दारू मेंदूला पोषक, असं सांगितलं जातं. यातलं पहिलं विधान खरं आहे, पण उंदरांमध्ये, मेंदूच्या एका ठरावीक भागात आणि काही काळापुरतं. दुसरंही बव्हंशी खरं आहे. निष्कर्ष मात्र चुकतो. तो का चुकतो हे कळलं, की दारू मेंदूत काय करते आणि मेंदू दारूला कसं उत्तर देतो, हे दोन्ही कळतं.

त्याआधी ‘थोडी’ म्हणजे किती, हे ठरवायला हवं, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पेग नको, ग्रॅम मोजा

दारूचं गणित पेगात केलं की फसतं, ग्रॅममध्ये केलं की सुटतं. किती मिलिलिटर घेतली, त्याला बाटलीवर छापलेल्या टक्क्यांनी गुणायचं, १००ने भागायचं आणि ०.७८९ने गुणायचं. शेवटचा आकडा म्हणजे अल्कोहोलची घनता, कारण ते पाण्यापेक्षा हलकं असतं. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के छापलेलं असतं. म्हणजे ३० मिलिचा स्मॉल १० ग्रॅम, ६०चा लार्ज २० ग्रॅम, नव्वद ३० ग्रॅम आणि १८० मिलिची क्वार्टर ६१ ग्रॅम. बिअरची ६५० मिलिची बाटली ५ टक्क्यांची असेल तर जवळपास २६ ग्रॅम. तीच ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ असेल तर ४१ ग्रॅम, म्हणजे चार स्मॉलच्या बरोबरीची. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा कागदावर मांडून बघावाच. नाशिकच्या वाइनचा १५० मिलिचा ग्लास १३ टक्क्यांनी धरला तर १५ ग्रॅम होतो. गोव्यातला उर्राक फेणीपेक्षा बराच सौम्य असतो, पण तो सोडा-लिंबू घालून मोठ्या ग्लासाने घेतला जातो, त्यामुळे शेवटी ग्रॅम तेवढेच भरतात.

घरी ओतताना तर ‘दोन बोटं’ हे माप चालतं. दोन बोटांची उंची साधारण साडेतीन सेंटिमीटर. आतून साडेसहा सेंटिमीटर रुंद अशा सरळ ग्लासात तेवढी उंची म्हणजे ११६ मिलि, आणि ११६ मिलि म्हणजे ३९ ग्रॅम. ओतणारा मनात एक पेग मोजतो, पण यकृताकडे जवळपास दोन लार्ज पोहोचतात. शंका असेल तर औषधाच्या बाटलीचं खुणा असलेलं टोपण घ्या आणि आपल्या नेहमीच्या ग्लासात मोजून पाणी ओतून बघा.

परदेशी अभ्यासांच्या बातम्या वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. जागतिक आरोग्य संघटना एक प्रमाणित पेय १० ग्रॅमचं धरते, ब्रिटनचं ‘युनिट’ ८ ग्रॅमचं असतं आणि अमेरिकेचं ‘ड्रिंक’ १४ ग्रॅमचं. त्यामुळे ‘रोज दोन’ म्हणजे १६ ग्रॅम की २८, हे बातमी कुठली आहे त्यावर ठरतं.

हे ग्रॅम रक्तात किती चढतात, त्याचा ढोबळ अंदाज स्वीडिश संशोधक एरिक विडमार्कच्या सूत्राने येतो. दारू शरीरातल्या पाण्यात पसरते, म्हणून वजनाला पुरुषासाठी ०.६८ने आणि स्त्रीसाठी ०.५५ने गुणायचं आणि त्या आकड्याने ग्रॅमला भागायचं. ७० किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक लार्ज घेतला तर २० भागिले ४७.६ म्हणजे ०.४२, अर्थात १०० मिलि रक्तात सुमारे ४२ मिलिग्रॅम. ५५ किलोच्या बाईला तोच पेग ६६ पर्यंत नेऊ शकतो. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० आहे. पोटात जेवण असेल तर दारू आतड्यात सावकाश उतरते आणि हा आकडा खाली राहतो. पुढे यकृत तासाला सात-आठ ग्रॅम निपटतं. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ किंवा लिंबूपाणी यांनी त्याचा वेग वाढत नाही.

‘चल’ आणि ‘थांब’

एका सिगारेटमधून शरीरात एक-दोन मिलिग्रॅम निकोटिन जातं आणि तेवढं पुरतं, कारण निकोटिन मेंदूतल्या ठरावीक कुलपात किल्लीसारखं बसतं. दारूला मात्र ग्रॅम लागतात, दहा हजारपट जास्त. तिचा रेणू इवलासा असतो, पाण्यातही मिसळतो आणि चरबीतही, आणि रक्त व मेंदू यांच्यामधली गाळणी त्याला अडवत नाही. ती पुराच्या पाण्यासारखी सगळ्या खोल्यांत शिरते आणि मग कुठे दार फुगतं, कुठे कडी अडकते. दारूचा परिणाम एका वाक्यात सांगता येत नाही तो यामुळेच.

तरी दोन दारं महत्त्वाची आहेत. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्यातला मोठा भाग दोन रसायनांवर चालतो. ग्लुटामेट पुढच्या पेशीला ‘चल’ म्हणतं, गाबा ‘थांब’ म्हणतं. दारू गाबाच्या ग्राहकाला, म्हणजे पेशीवर तो निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटून त्याचा ‘थांब’ ठळक करते आणि ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या ग्राहकाचं तोंड अर्धवट मिटवते. डेव्हिड लव्हिंजर आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की हिप्पोकॅम्पसच्या पेशींमध्ये एनएमडीएमधून वाहणारा प्रवाह ५ ते ५० मिलिमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) अल्कोहोलने कमी होतो. आपल्या ७० किलोच्या माणसाच्या रक्तातले ४२ मिलिग्रॅम म्हणजे ९ मिलिमोलर. म्हणजे एका लार्जमध्येच तो त्या पट्ट्यात पोहोचतो. हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी बांधणारा भाग आहे आणि एनएमडीए हे त्या बांधणीचं प्रवेशद्वार. कालच्या बैठकीतलं शेवटचं बोलणं सकाळी आठवत नाही, याचा उगम इथे आहे.

मग ‘थांब’ वाढवणाऱ्या पदार्थाने माणूस सुरुवातीला बोलका कसा होतो? कारण मेंदूच्या पुढच्या भागाचं कामच इतरांना आवरण्याचं आहे. आवरणाराच सैल पडला की तोंड सुटतं, भीड चेपते. शिवाय मेंदूच्या मध्यातल्या बक्षीस-मार्गावर, न्यूक्लियस अॅक्युम्बन्स नावाच्या जागी, डोपामिन वाढतं. हे उंदरांमध्ये १९८८मध्ये आणि माणसांमध्ये मेंदूचं चित्रण करून २००३मध्ये दाखवलं गेलं. मेंदूची स्वतःची अफूसारखी रसायनंही सुटतात. व्यसनमुक्तीत वापरलं जाणारं नाल्ट्रेक्झोन याच रसायनांची दारं बंद करतं, म्हणून त्या गोळीवर असताना प्यायलेली दारू पूर्वीसारखी गोड लागत नाही.

रात्री दोनची जाग

हे सगळं एका रात्रीवर बसवून बघू. साडेनऊला सुरुवात, साडेदहापर्यंत नव्वद, म्हणजे ३० ग्रॅम. अकराला जेवून झोप. झोप पटकन लागते, कारण गाबा जोरात आहे आणि अॅडेनोसिन हे थकव्याचं रसायनही दारूने वाढलेलं आहे. पहिले दोन-तीन तास झोप गाढ असते आणि स्वप्नांची झोप मागे ढकलली जाते.

७० किलोच्या माणसाचं यकृत तासाला सुमारे सात ग्रॅम या हिशोबाने ३० ग्रॅम चार-सव्वाचार तासांत संपवतं, म्हणजे दोनच्या आसपास रक्त कोरडं होतं. पण मेंदू इतका वेळ गप्प बसलेला नसतो. बाहेरून ‘थांब’ वाढलंय हे ओळखून त्याने आपला ‘चल’ वाढवत नेलेला असतो. दारू ओसरते आणि तो वाढवलेला ‘चल’ एकटाच मागे राहतो. छाती धडधडते, घाम येतो, घसा कोरडा पडतो, डोळे टक्क उघडतात आणि नको ते विचार सुरू होतात. दुसऱ्या दिवशीची विनाकारण धास्तीही बरीचशी इथूनच येते. ‘घेतल्याशिवाय झोप लागत नाही’ हे म्हणणं खरं असतं, पण त्याच पेगाने झोपेचा दुसरा अर्धा भाग खाल्लेला असतो.

रोज असंच चाललं तर मेंदू ही तडजोड कायमची करून टाकतो. गाबाचे ग्राहक कमी संवेदनशील होतात, एनएमडीएचे वाढतात. मग तेवढ्याच दारूने पूर्वीइतकी चढत नाही, आणि ती नसेल तर हात थरथरतात. सकाळचा ‘उतारा’ त्या थरथरीवर लागू पडतो तो यामुळेच, आणि उतारा लागू पडायला लागणं हे धोक्याचं पक्कं चिन्ह आहे.

आता बीडीएनएफ

वाढघटकांची कहाणी रीटा लेवी-मोंताल्चिनी यांच्यापासून सुरू होते. मज्जापेशींना वाढवणारा पहिला घटक, एनजीएफ, शोधल्याबद्दल त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं. बीडीएनएफ हा त्याच कुळातला. ईव्ह-आलाँ बार्द आणि हान्स ट्योनेन यांनी १९८२मध्ये तो डुकराच्या मेंदूतून वेगळा केला. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या ट्रकबी नावाच्या ग्राहकावर बसतो. तिथून आत संदेश जातात: जगत राहा, फांद्या फोड, हा जोड घट्ट कर. शिकणं आणि आठवणं पेशीच्या पातळीवर ज्या जोडणीतून घडतं, त्या जोडणीला बीडीएनएफ लागतं.

त्याला सर्रास ‘मेंदूचं खत’ म्हणतात. उपमा वाईट नाही, पण ती पुरी वापरावी. खत पिकाला घातलं तरी तणही तरारतं. बीडीएनएफ हिप्पोकॅम्पसमध्ये वाढलं तर शिकायला मदत होते, पण प्राण्यांमध्ये बक्षीस-मार्गावर ते वाढलं की कोकेनची ओढ बळावते असंही दिसलं आहे. म्हणून ‘बीडीएनएफ वाढलं’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठे वाढलं?

दारूच्या बाबतीत ते स्ट्रायटममध्ये, विशेषतः त्याच्या वरच्या भागात वाढतं. सवयी आणि कृतींची घडी तिथे बसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या डोरिट रॉन यांच्या प्रयोगशाळेने हे काम वर्षानुवर्षं चिकाटीने केलं आहे. त्यांनी उलगडलेली साखळी अशी आहे. दारू पेशीत शिरल्यावर रॅक-वन नावाचं प्रथिन आपली नेहमीची जागा सोडून पेशीच्या केंद्रकात जातं. तिथे बीडीएनएफचं जनुक जास्त वाचलं जातं आणि प्रथिन तयार होतं. ते ट्रकबीवर बसतं आणि पुढे डायनॉर्फिन हे रसायन आणि डोपामिनचा डी-थ्री हा ग्राहक वाढतो. या सगळ्याचा शेवटचा परिणाम काय, तर उंदीर दारू कमी पितो.

सगळ्या विषयाची गाठ इथे आहे. हे बीडीएनएफ दारूने दिलेलं पोषण नाही. दारूला आवर घालण्यासाठी मेंदूने स्वतः दाबलेला तो ब्रेक आहे. याचा पुरावा उलट बाजूनेही मिळतो. ज्या उंदरांमध्ये बीडीएनएफचं जनुक निम्मंच चालतं, ते दारू जास्त पितात. स्ट्रायटमच्या त्या भागात बीडीएनएफ मुद्दाम कमी केलं की पिणं वाढतं, आणि बाहेरून दिलं की कमी होतं. ‘दारूने बीडीएनएफ वाढतं, म्हणून ती घ्यावी’ असं म्हणणं म्हणजे गाडी उतारावर सोडल्यावर ब्रेक तापतात, म्हणून उतार ब्रेकला चांगला, असं म्हणण्यासारखं आहे.

आणि ब्रेक झिजतो. याच प्रयोगशाळेने २००९मध्ये दाखवलं, की काही दिवस माफक पिणाऱ्या उंदरांमध्ये स्ट्रायटमचं बीडीएनएफ वाढतं, पण तेच सुमारे सहा आठवडे चालू राहिलं की वाढ होणं थांबतं आणि मेंदूच्या बाह्यस्तरातलं बीडीएनएफ नेहमीपेक्षाही खाली जातं. पुढे २०१५मध्ये त्यामागचा एक मार्गही सापडला. भरपूर पिणाऱ्या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात एक चिमुकला आरएनए (जनुकांचं काम आवरणारा रेणू) वाढतो आणि तो बीडीएनएफच्या निर्मितीचा गळा आवळतो. तो कृत्रिमरीत्या वाढवला की माफक पिणारा उंदीर बेसुमार पिऊ लागतो. माफक आणि बेसुमार यांच्यामधली रेघ इच्छाशक्तीने आखली जाते असं आपण समजतो. तिचा काही भाग तरी या रसायनांनी आखलेला असतो, आणि रोजच्या पिण्याने तीच रसायनं बदलतात.

सगळ्यांचा ब्रेक सारखा नसतो. काही माणसांच्या बीडीएनएफमध्ये ६६व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असतं आणि त्यामुळे पेशीतून ते सोडलं जाण्याची क्रिया मंदावते. हा बदल घातलेले उंदीर दारूत कडू क्विनाइन मिसळलं तरी पीत राहतात. म्हणून ‘मित्र माझ्याएवढीच घेतो, त्याला काही होत नाही’ हा युक्तिवाद लंगडा आहे.

जीडीएनएफ नावाचा दुसरा वाढघटक असंच काम आणखी वेगाने करतो. उंदरांच्या डोपामिन बनवणाऱ्या भागात तो दिला की काही मिनिटांत पिणं कमी होतं. २०२३मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने छापलेल्या प्रयोगात, दारूची सवय लागलेल्या नर माकडांच्या मेंदूत जीडीएनएफचं जनुक सोडलं गेलं आणि त्यांचं पिणं नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं. मेंदूची शस्त्रक्रिया लागणारा हा उपाय अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे. पण वाढघटक दारूच्या कोणत्या बाजूला उभे असतात, ते यातून स्वच्छ दिसतं.

रक्तातलं बीडीएनएफ मोजून घ्यायच्या फंदात कोणी पडू नये. रक्तातला त्याचा बराच साठा प्लेटलेट्समध्ये असतो आणि त्या आकड्यावरून मेंदूच्या एखाद्या भागाचा अंदाज बांधता येत नाही.

नव्या पेशी, जुने आकार

हिप्पोकॅम्पसच्या एका पट्टीत प्रौढ उंदरांमध्येही नव्या मज्जापेशी जन्माला येतात. रटगर्स विद्यापीठाच्या २०१२च्या प्रयोगात उंदरांना दोन आठवडे इतकी दारू दिली गेली, की रक्तातलं प्रमाण ८० मिलिग्रॅमच्या आसपास राहावं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत गाडी चालवण्याची ही मर्यादा आहे. नव्या पेशींची संख्या जवळपास ४० टक्क्यांनी घटली. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की त्या काळात उंदरांच्या हालचालीत किंवा शिकण्यात काहीच फरक दिसला नाही. आतला तोटा बाहेरून कळला नाही.

माणसांचे मोठे अभ्यास मेंदूच्या चित्रणावर उभे आहेत. ब्रिटनमध्ये ५५० जणांचा तीस वर्षं पाठपुरावा केला गेला. २०१७मध्ये आलेल्या निष्कर्षांत, आठवड्याला १४ ते २१ युनिट घेणाऱ्यांमध्ये उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला असण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या तिप्पट निघाली. आठवड्याला १४ युनिट म्हणजे ११२ ग्रॅम, आपल्या हिशोबात रोजचा दीड स्मॉल. अगदी कमी पिणाऱ्यांनाही न पिणाऱ्यांपेक्षा काही फायदा दिसला नाही. २०२२मध्ये ३६,६७८ लोकांच्या चित्रणातून दिसलं, की पन्नाशीच्या माणसात रोजचं एक युनिट दोनवर गेलं तर मेंदूच्या आकारमानातला फरक दोन वर्षं वय वाढल्याइतका असतो, आणि दोनवरून तीनवर गेलं तर साडेतीन वर्षांइतका. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, आठवड्याला सात युनिटांहून जास्त पिणाऱ्यांच्या मेंदूच्या खोल भागांत लोहाचं प्रमाण जास्त आढळलं. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. दारू हेच एकमेव कारण, असं त्यांतून सिद्ध होत नाही. पण प्राण्यांमधले प्रयोग आणि माणसांमधली निरीक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा ते गंभीरपणे घ्यावं लागतं.

विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगायला हवा. २०१८मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात, वजनाच्या दर किलोमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल दिल्यावर मेंदूतला कचरा धुऊन नेणारा प्रवाह सुधारला, आणि दीड ग्रॅम दिल्यावर तो बिघडला. प्रयोग चांगला होता, पण त्यातून माणसाने किती प्यावी हे निघत नाही. ‘थोडं पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी’ अशा जुन्या अभ्यासांत एक मोठी फट होती. न पिणाऱ्यांच्या रांगेत आजारपणामुळे दारू सोडलेलेही उभे होते, त्यामुळे ती रांग मुळातच आजारी दिसायची. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये दारूची कोणतीही सुरक्षित मात्रा नाही असं स्पष्ट म्हटलं, ते प्रामुख्याने कर्करोगाच्या पुराव्यावरून.

घेणाऱ्यांनी काय करावं

न घेणाऱ्याने मेंदूसाठी म्हणून सुरू करण्याचं काहीच कारण नाही. बीडीएनएफच हवं असेल तर चाला. २०११च्या एका प्रयोगात १२० वयस्क माणसांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटं भरभर चालण्याचा व्यायाम केला. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, तर नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा कमी झाला.

जे घेतात त्यांनी मापाने ओतावं, जेवणासोबत घ्यावी आणि झोपेच्या तीन-चार तास आधी संपवावी, म्हणजे रात्री दोनची जाग टळते. सलग कोरडे दिवस ठेवावेत. सहा आठवड्यांत ब्रेक झिजला तो रोज उपलब्ध असलेल्या दारूने, हे विसरू नये. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांसोबत एक घोटही घेऊ नये. त्या याच गाबाच्या ग्राहकावर काम करतात आणि दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. गरोदरपणात अजिबात नको, कारण वाढत्या मेंदूत गाबा आणि एनएमडीए यांचीच घडी विस्कटली तर पेशी मरतात. विशीतल्यांनी जास्तच जपावं. गोव्यात वयाची अट १८ आहे, महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५, आणि मेंदूच्या पुढच्या भागाची जुळणी विशीच्या मध्यापर्यंत चालूच असते.

आपण कुठे आहोत हे तपासायला तीन प्रश्नांची एक चाचणी जगभर वापरतात. किती वेळा घेता, एका बैठकीला किती घेता आणि सहा किंवा जास्त पेयं एकदम किती वेळा होतात. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असतात. बेरीज पुरुषांत ४ आणि स्त्रियांत ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोलावं. मोजताना ‘पेय’ म्हणजे १० ग्रॅम धरा, म्हणजे एक लार्ज दोन पेयं झाली.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त घेणाऱ्याने ‘उद्यापासून बंद’ असं घरच्या घरी करू नये. वाढलेला ‘चल’ मोकाट सुटतो. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, ताप, घाम, नसलेल्या गोष्टी दिसणं सुरू होऊ शकतं. यात जीव जातो. दवाखान्यात औषधांनी तो ‘चल’ टप्प्याटप्प्याने उतरवता येतो. अशा रुग्णाला ग्लुकोज लावण्याआधी जीवनसत्त्व बी-वनचं इंजेक्शन द्यायचं असतं, कारण बी-वन संपलेल्या मेंदूला नुसती साखर दिली तर कायमची इजा होऊ शकते. रुग्ण किती वर्षं आणि रोज किती घेतो, हे नातेवाइकांनी दाखल करतानाच, न लाजता, ग्रॅममध्ये नाही तर निदान क्वार्टरमध्ये सांगावं. डॉक्टरांचा पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर ठरतो. दाखल करण्याआधी कोणाशी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६, दोन्ही मोफत आहेत.